सिन्नरच्या कोरड्या पट्ट्यात एक एकर कागदी लिंबू: अर्जापासून पहिल्या पट्टीपर्यंत

भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेच्या अनुदानाचा तिसरा आणि शेवटचा हप्ता ऑगस्ट २०२५ मध्ये खात्यावर आला, आणि त्याच पावसाळ्यात आमच्या बागेतली लिंबं पहिल्यांदा मार्केटला गेली, म्हणून आता सगळं नीट लिहून काढतेय. २०२२ मध्ये सुरुवात केली तेव्हा आमच्या भागात लिंबाची बाग असलेलं माणूस शोधावं लागायचं. द्राक्षाचं काही विचारा, चहाच्या टपरीवर चार जण डोस सांगतील, कांद्याचं तर विचारायलाच नको. लिंबाचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "आमच्या बांधावर आहेत की दोन झाडं, त्याला काय करायचं असतं, आपोआप येतं." बांधावरचं झाड आणि बाग यात किती फरक असतो ते पुढे कळलंच.

आमचा मळा सिन्नर तालुक्याच्या पूर्वेला, वावीच्या बाजूला. नाशिक म्हटलं की लोकांना गंगापूर धरण आणि द्राक्षमळे आठवतात, पण आमची बाजू पर्जन्यछायेतली, सगळा जीव विहिरीवर आणि शेततळ्यावर. अडीच एकर जमीन. आमचे हे माळेगाव एमआयडीसीत कामाला, पाळी कधी सकाळची कधी रात्रीची, त्यामुळे शेत मी आणि सासूबाई बघतो. एक एकर डाळिंब होतं. तेल्या रोग कसाबसा सांभाळला पण मर रोग आला आणि मग उभी झाडं एकेक करून वाळायला लागली. आज पिवळं दिसतंय म्हणेपर्यंत पंधरा दिवसांत सरपण. २०२१ च्या दिवाळीनंतर ठरवलं की डाळिंब काढायचं. परत डाळिंब लावणं म्हणजे त्याच जमिनीत त्याच रोगाला आमंत्रण, आणि द्राक्षाला जे भांडवल लागतं ते आमच्याकडे नाही. मांडव, तारा, वर्षभराची फवारणी, एक गारपीट झाली की सगळं कर्ज अंगावर.

लिंबू का, तर पाणी डाळिंबापेक्षा फार जास्त लागत नाही, एकदा धरलं की झाड पंधरा-वीस वर्षं देतं, आणि माल वर्षातून एकदाच न येता थोडा थोडा येत राहतो. महिन्याला हातात काहीतरी येईल, घरखर्च निघेल, एवढाच विचार होता. एप्रिल २०२२ मध्ये लिंबू बाजारात दहा रुपयाला एक गेलं ते सगळ्यांना आठवत असेल, त्या बातम्या बघून खूप जणांनी लिंबं लावली. आमचं त्याआधी ठरलेलं होतं. पण खरंच सांगते, त्या भावाकडे बघून कोणी बाग लावू नये. तो भाव उन्हाळ्यातला, आणि त्या वर्षी झाडावर माल नव्हता म्हणून आलेला. पावसाळ्यात काय होतं ते खाली लिहिलंय.

पहिलं काम माती तपासणी. गोवर्धनला मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे तिथून करून घेतली. फळबागेसाठी वरची माती उकरून नेऊन चालत नाही, तीन फुटांचा खड्डा घेऊन एक फुटाचा, दोन फुटांचा आणि तीन फुटांचा असे वेगळे नमुने न्यायचे, पिशवीवर चिठ्ठी लावून. लिंबूवर्गीय झाडाला चुनखडीची जमीन सोसत नाही. मुक्त चुना १० टक्क्यांच्या वर असेल तर लावूच नका म्हणतात, पानं पिवळी पडतात आणि मग लोह-जस्ताच्या फवारण्या करत बसावं लागतं. आमचा अहवाल सातच्या आसपास आला, सामू (पीएच) ७.९. खाली मुरूम लागला म्हणून निचरा चांगला. हे आधी बघा, अर्ज नंतर. काळ्या चोपण जमिनीत लिंबू लावून डिंक्या रोगाने (खोडातून डिंक गळतो) गेलेल्या बागा मी नंतर स्वतः बघितल्या आहेत.

मग कागद. फळबागेसाठी आपल्याकडे मुख्य दोन वाटा आहेत. जॉबकार्ड असेल आणि बसत असाल तर रोजगार हमीतून २ हेक्टरपर्यंत, आणि त्यात न बसणाऱ्यांसाठी फुंडकर योजना, जी २०१८ पासून सुरू आहे आणि पूर्ण राज्य सरकारच्या पैशातून चालते. यात १६ फळपिकं आहेत, त्यात कागदी लिंबू, संत्रा, मोसंबी तिन्ही येतात. कोकण सोडून बाकी महाराष्ट्रात कमीत कमी २० गुंठे लागवड पाहिजे. पैसे तीन वर्षांत मिळतात, पहिल्या वर्षी ५० टक्के, दुसऱ्या वर्षी ३० आणि तिसऱ्या वर्षी २०. आणि इथे खरी अट आहे: दुसऱ्या वर्षी ८० टक्के आणि तिसऱ्या वर्षी ९० टक्के झाडं जिवंत पाहिजेत. कमी भरली तर स्वतःच्या खर्चाने रोपं आणून नांग्या, म्हणजे मेलेल्या झाडांच्या जागा, भरायच्या. जमीन तयार करणं, कुंपण, आंतरपीक हे सगळं आपल्या खिशातून.

अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर, मे २०२२ मध्ये केला. फी २३ रुपये ६० पैसे. गावातल्या एका सेंटरवाल्याने यासाठी ५०० रुपये सांगितले होते. मोबाईलवर होतो हो अर्ज, फक्त नेट जरा बरं पाहिजे आणि रात्री उशिरा किंवा पहाटे बसायचं, दुपारी साईट फिरत राहते. अर्ज सासूबाईंच्या नावाने, कारण सातबाऱ्यावर त्यांचं नाव. ओटीपी आला पाहिजे ना, तर आधारला जोडलेला नंबर सासऱ्यांच्या जुन्या सिमचा, ते सिम कधीच बंद पडलेलं. आधी तो नंबर बदलून घेतला, ५० रुपये लागले आणि बदल व्हायला आठवडाभर. घरातल्या वयस्कर माणसाच्या नावाने अर्ज करणार असाल तर ही गोष्ट सगळ्यात आधी तपासा, बाकी सगळं त्यावर अडतं.

सामाईक सातबारा ही दुसरी अडचण. सासरे २०१७ ला गेले तेव्हा वारस नोंद झाली, त्यात आई (म्हणजे सासूबाई), हे आणि नणंद, आणि त्या गटाची पूर्ण वाटणी झालेली नसल्याने चुलत सासरे म्हणजे नाना. संमतीपत्रावर सगळ्यांच्या सह्या लागतात. नणंदबाईंनी लगेच दिली. नाना नाशिकला राहतात, त्यांना वाटलं ही कर्जाची भानगड आहे.

"सूनबाई, सातबाऱ्यावर बोजा तर चढणार नाही ना?"

"नाही नाना, हे अनुदान आहे, कर्ज नाही. बोजा चढत नाही."

"मग सह्या कशाला मागतात?"

त्यांचं विचारणं बरोबरच होतं. जमिनीच्या कागदावर सही देताना माणूस विचार करणारच, त्यांनी आयुष्यात सोसायटीच्या कर्जापायी लोकांची काय काय हाल झालेली बघितली आहे. मी योजनेचं परिपत्रक छापून नेलं, शांतपणे वाचून दाखवलं, मग त्यांनी केली. तेव्हा १०० च्या स्टॅम्पवर काम झालं, ऑक्टोबर २०२४ पासून १०० चा स्टॅम्प बंद होऊन ५०० चा झाला तो खर्च धरून ठेवा. कोणाचा कोणाशी वाद असेल तर संमती मागायला जाताना कागद हातात घेऊन जा आणि सही लगेच मागू नका, एक रात्र त्यांच्याकडे राहू द्या.

तेव्हा सोडत निघायची. आमचं नाव जूनमध्ये लागलं, मेसेज आला. (आता २०२५ पासून सोडत बंद केली, जो आधी अर्ज करेल त्याला आधी, त्यामुळे आता वाट बघत बसू नका, पोर्टल चालू झालं की अर्ज टाका.) मग सातबारा, आठ-अ, संमतीपत्र अपलोड करायचं. याला मुदत मोजकीच असते आणि मेसेज कधी कधी येतच नाही, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी स्वतः लॉगिन करून बघायचं. कागद टाकल्यावर थांबा. आमच्या कृषी सहायक मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "ताई, पूर्वसंमती यायच्या आधी खड्डासुद्धा मारू नका, बिलाची तारीख मागची निघाली की फाईल तिथेच संपते." पाऊस सुरू झालेला, लोक पेरणीच्या घाईत, आणि आपण रिकामं रान बघत बसलोय, ते दिवस अवघड गेले. पूर्वसंमती जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आली.

मधल्या काळात डाळिंबाची खोडं काढून घेतली, त्याला काही अडचण नाही कारण ते योजनेत धरत नाहीत. जेसीबी १२०० रुपये तास, सहा तास लागले. मुळं वेचून जाळली, ते काम आमचं आम्हीच केलं.

रोपं कुठून घ्यायची हा मोठा प्रश्न. शासकीय, कृषी विद्यापीठाची किंवा मान्यताप्राप्त रोपवाटिका पाहिजे आणि पक्कं बिल पाहिजे. रस्त्याकडेच्या नर्सरीत स्वस्तात मिळतात पण ती कोणत्या झाडाची, कोणत्या बियांची, काही सांगता येत नाही, आणि लिंबाचं झाड चुकीचं निघालं हे कळायला चार वर्षं जातात. आम्ही राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून साई सरबती ही जात आणली. कागदी लिंबू शक्यतो बियांपासूनच्या रोपाने लावतात, कलम लागतंच असं नाही, बऱ्याचशा रोपांत आईचे गुण जसेच्या तसे उतरतात. नंबर आधी लावून ठेवावा लागतो, जुलैत जाऊन उभं राहिलं तर रोप मिळत नाही. छोटा टेम्पो करून शिर्डी, कोल्हार मार्गे राहुरी, येताना वरून ताडपत्री बांधून आणली कारण वाऱ्याने शेंडे मोडतात. तिथल्या एका जुन्या कामगार मामांनी एक गोष्ट सांगितली ती लिहून ठेवते: पिशवीतून बाहेर आलेलं सोटमूळ खाली वळलेलं असेल तर ते रोप घेऊ नका, कितीही उंच आणि हिरवंगार असलं तरी. आम्ही एकेक पिशवी उलटी करून बघितली, कोणी रागावलं नाही.

६ बाय ६ मीटरवर हेक्टरी २७७ झाडं बसतात, आमच्या एकराला १११. खड्डे दोन बाय दोन बाय दोन फुटांचे, माणसं लावून, खड्ड्याला ४० रुपये. तळाला पालापाचोळा, वर शेणखत, सुपर फॉस्फेट, निंबोळी पेंड. शेणखताच्या दोन ट्रॉल्या, ३५०० ची एक. लागवड ऑगस्ट २०२२ च्या पहिल्या आठवड्यात. रोप पिशवीत जेवढं मातीत होतं तेवढंच मातीत, खोड पुरायचं नाही.

ठिबकचा अर्ज वेगळा केला, सूक्ष्म सिंचनातून. अल्पभूधारकाला केंद्राच्या योजनेतले ५५ टक्के आणि राज्याची भर धरून ८० टक्क्यांपर्यंत मिळतं. पण हे ८० टक्के आपल्या बिलाच्या नसतात, सरकारने ठरवलेल्या मापदंडाच्या असतात. आमचं बिल २६ हजारांचं, हातात आलं १७ हजारांच्या आसपास. दुकानदार "ऐंशी टक्के परत मिळणार" म्हणून सांगतो तेव्हा हा फरक धरून चला. नळ्या झाडाच्या दोन्ही बाजूंनी टाकल्या, ड्रिपर बुंध्यापासून लांब. लिंबाच्या बुंध्याला पाणी लागता कामा नये, दुहेरी आळं करायचं म्हणजे आतल्या आळ्यात माती चढवलेली आणि पाणी बाहेरच्या आळ्यात.

बिलं सप्टेंबरमध्ये टाकली, मॅडम ऑक्टोबरमध्ये येऊन झाडं मोजून, फोटो काढून गेल्या. पहिल्या हप्त्याचे पैसे काही येईनात. पोर्टलवर रक्कम वितरित झाल्याचं दिसतंय आणि पासबुकात काही नाही. आम्ही आईंचं जिल्हा बँकेचं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं अशी दोन्ही पासबुकं भरून आणली, दोन्हीत नाही. शेवटी मार्च २०२३ मध्ये उलगडा झाला. थेट लाभाचे (डीबीटी) पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर जात नाहीत, आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलं गेलंय त्या खात्यावर जातात, आणि आईंचं आधार कधीतरी कॅम्पमध्ये उघडलेल्या जनधन खात्याला जोडलेलं होतं. पैसे तिथे सुखरूप होते. बँकेत "आधार लिंक आहे का" असं विचारलं तर हो म्हणतात, त्याने काही कळत नाही. विचारायचं असं की "डीबीटीसाठी आधार कोणत्या बँकेला मॅप आहे". आधारच्या साईटवर स्वतःलाही बघता येतं.

अजून एक कागद लोक विसरतात, ई-पीक पाहणी. आमच्या सातबाऱ्यावर जेसीबी फिरल्यावरही डाळिंबच दिसत होतं. ॲपमधून शेतात उभं राहून फोटोसहित कागदी लिंबाची नोंद केली, झाडांची संख्या आणि लागवडीचं वर्ष टाकून, मग पुढच्या सातबाऱ्यावर लिंबू आलं. ही नोंद नसेल तर नुकसान झाल्यावर पंचनाम्यात तुमची बाग धरायला आधारच राहत नाही. तलाठ्यांना (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) एकदा दाखवून घ्या.

पहिलं वर्ष झाडं छान चालली. दुसरं वर्ष मात्र परीक्षेचं. २०२३ चा पावसाळा आमच्याकडे झालाच नाही म्हटलं तरी चालेल, ऑक्टोबरच्या शेवटी सरकारने जे ४० तालुके दुष्काळी जाहीर केले त्यात नाशिकचे मालेगाव, येवला आणि आमचं सिन्नर. २६ नोव्हेंबरला निफाडकडे गारपिटीने द्राक्षं झोडपली, आमच्याकडे तो पाऊसही नावापुरताच पडला. डिसेंबरमध्ये झाडं मोजली तेव्हा ८० टक्क्यांच्या वर होती, दुसरा हप्ता मंजूर झाला. पण जानेवारीपासून विहीर तळाला आणि मार्चमध्ये शेततळं कोरडं. टँकर चालू केले, दहा हजार लिटरचा १८०० रुपयांना, शेततळ्यात ओतायचा आणि तिथून ठिबकला, आठवडाभर पुरायचा. गावात लोक म्हणायचे, लिंबाला टँकर? द्राक्षाला टँकर घालणारा माणूस शहाणा आणि लिंबाला घालणारा वेडा असं का असतं मला अजून समजलं नाही. आपली मेहनत त्यात तेवढीच गेलेली असते. त्या उन्हाळ्यात जेवढं अनुदान आलं होतं त्याच्यापेक्षा जास्त पाण्यात गेलं.

बाजरीचं सरमाड (वाळलेली ताटं) आणून प्रत्येक झाडाच्या आळ्यात चांगलं चार बोटं जाड आच्छादन केलं, त्याने खरंच वाचली झाडं. ज्या ओळीत सरमाड कमी पडलं त्याच ओळीत सगळ्यात जास्त मेली. तरी जून २०२४ मध्ये मोजलं तर १७ झाडं गेलेली. म्हणजे ९० टक्क्यांच्या खाली. राहुरीला आधीच नंबर लावला होता, जुलैत नांग्या भरल्या, त्याचं बिल जपून ठेवलं.

आता रोगांविषयी थोडं, कारण आमच्याकडे याचाच सगळ्यात जास्त त्रास झाला. रोग सगळीकडेच असतात, पण इथे सांगणारं कोणी नाही. नाशिक जिल्ह्याची सगळी व्यवस्था द्राक्ष, कांदा, डाळिंब यांच्यावर उभी आहे. औषधाचं दुकान, फवारणीचं वेळापत्रक, मजुरांच्या टोळ्या, व्यापारी, व्हॉट्सॲप ग्रुप, सगळं. लिंबाचं पान घेऊन दुकानात गेलं की डाळिंबाचं औषध हातात ठेवतात, तेही महागातलं. आम्हाला खरी मदत झाली श्रीगोंद्याकडच्या बागायतदारांची, तिकडे लिंबाच्या बागाच बागा आहेत, नगर जिल्ह्यातली माणसं फोनवर अर्धा अर्धा तास बोलली, ओळख ना पाळख. ज्यांच्या जिल्ह्यात आपलं पीक नाही त्यांनी पहिल्याच वर्षी एकदा तिकडे जाऊन दोन बागा बघून याव्यात, आणि नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या सल्ल्यावर लक्ष ठेवावं.

नवी पालवी आली की पानावर चंदेरी वेड्यावाकड्या रेघा दिसतात ती नागअळी, पान चुरमडतं. तिच्या जखमेतूनच पुढे खैऱ्या रोग शिरतो, पानावर आणि फळावर खरबरीत तपकिरी ठिपके, भोवती पिवळी कडी. फळाला ठिपका असला की व्यापारी हातात घेऊन लगेच बाजूला टाकतो, आतून रस कितीही असो. दुसरी ती फुलपाखराची अळी, लहानपणी अगदी चिमणीच्या विष्ठेसारखी दिसते म्हणून लक्षातच येत नाही, आणि चार दिवसांत कोवळ्या झाडाचा शेंडा बोडका करते. त्यावर आम्ही औषध मारलं नाही, सकाळी आई आणि मुलं हाताने वेचायची. एक एकरात ते जमतं, छोट्या बागेचा तेवढा फायदा आहे.

रोगांवर फवारायचं बोर्डो मिश्रण घरीच करतो, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, प्लास्टिकच्याच ड्रममध्ये, मग एकत्र ओतायचं आणि लोखंडी खिळा बुडवून बघायचा. खिळ्यावर तांबूस थर आला तर अजून चुना पाहिजे, नाहीतर पानं करपतात. खोडाला अडीच-तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. मे २०२५ मध्ये जो बेमोसमी पाऊस कोसळला त्याने इकडे कांदा चाळीत जायच्या आधीच सडला, आमच्याकडे खालच्या कोपऱ्यात पाणी साचून चार झाडांच्या खोडातून डिंक यायला लागला. चाकूने ती साल खरवडली, पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने धुतलं, पेस्ट लावली, चर काढून पाणी बाहेर काढलं. तीन वाचली.

तिसऱ्या हप्त्याची तपासणी डिसेंबर २०२४ मध्ये झाली, नांग्या धरून १०८ झाडं भरली, म्हणजे ९७ टक्के. तरी पैसे लांबले. मध्येच एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, आईंचा काढायचा राहिला होता, त्यात सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव यात एका मधल्या नावाचा फरक. ते जुळवून, क्रमांक मिळून, प्रोफाईलला जोडून मग ऑगस्टमध्ये शेवटचा हप्ता. जे आता सुरुवात करतायत त्यांनी हा क्रमांक पहिल्यांदा काढून घ्या.

आणि पहिली पट्टी, म्हणजे मार्केटमधली विक्रीची पावती. जुलै २०२५, झाडाला थोडी थोडी फळं. तोडायला बायका मिळेनात, एमआयडीसीत रोज जास्त आहे आणि लिंबाचे काटे कोणाला नको असतात. ३५० रोजाने दोघी आल्या, त्यांना जाड हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे जुने शर्ट दिले. सहा क्रेट माल, १०८ किलो. भाव १४ रुपये. झाले १५१२. त्यातून मजुरी ७००, भाडं ३००, हमाली-तोलाई ६०, उरले ४५२. पट्टीत आडतही (अडत्याचं कमिशन) कापली होती. २०१६ पासून फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही असा नियम आहे, ती खरेदीदाराने द्यायची. हे मी तिथल्या तिथे शांतपणे सांगितलं, थोडी कुरबुर झाली पण पट्टी बदलून दिली. कृपया पट्टी वाचल्याशिवाय खिशात घालू नका, ते पैसे आपले आहेत.

त्यानंतर पावसाळाभर मार्केटला नेणं कमी केलं. सिन्नर-शिर्डी रस्त्यावरचे ढाबे, चार खाणावळी आणि एक लोणचंवाल्या ताई, यांना घरून दोन-दोन, पाच-पाच किलो देते, २५ ते ३० रुपयांनी. ठिपक्याचा माल लोणच्याला चालतो. सगळा माल असा जात नाही, पण मजुरी अंगावर येत नाही.

पुढचं गणित हस्त बहाराचं, बहार म्हणजे फूल येण्याचा हंगाम. लिंबाला सगळ्यात जास्त फूल येतं ते आंबिया बहारात, त्याचा माल पावसाळ्यात, म्हणजे १४ रुपयेवाला. हस्ताचं फूल सप्टेंबर-ऑक्टोबरचं, माल एप्रिल-मेमध्ये, जेव्हा रसवंत्या सुरू असतात आणि भाव असतो. पण पाऊस चालू असताना झाडाला पाण्याचा ताण बसत नाही, म्हणून जूनमध्ये जिबरेलिक ॲसिड ५० पीपीएम, सप्टेंबरमध्ये सायकोसिल १००० पीपीएम आणि ऑक्टोबरमध्ये १ टक्का पोटॅशियम नायट्रेट अशी फवारण्यांची शिफारस आहे. या जूनपासून अर्ध्या बागेवर करणार आहोत, नवीन नांग्यांची झाडं सोडून. मे महिन्यात पाणी पुरलं पाहिजे हीच काळजी, त्यासाठी शेततळ्याचा फाटलेला कागद बदलायला टाकलाय.

फळपीक विम्याचं मुद्दाम विचारून घेतलं. लिंबाला विमा फक्त मृग बहाराला (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या) आहे आणि बाग चार वर्षांची पाहिजे. अर्जाची मुदत जूनच्या मध्यापर्यंत असते आणि आमच्या बागेला चार वर्षं भरतात ऑगस्टमध्ये, त्यामुळे यंदाही बसत नाही, पुढच्या वर्षी बघू. लावल्यापासून चार वर्षं, म्हणजे झाड सगळ्यात नाजूक असतं तेव्हा, छोट्या शेतकऱ्याच्या बागेला कसलंच संरक्षण नाही आणि ज्या हस्त बहारावर घर चालणार त्यालाही नाही, हे बदललं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. तालुका कृषी कार्यालयात तसा अर्ज लिहून दिलाय, पोच घेतलीय.